कलम एकच, मग गुण वेगळे का?

शेजारणीकडून मनीप्लांटची एक काडी मागून आणायची, पाण्याच्या बाटलीत खोचायची आणि खिडकीत ठेवून द्यायची, हा उद्योग न केलेले घर शोधूनच काढावे लागेल. काही दिवसांत काडीला मुळे फुटतात, एकेक पान उलगडत जाते आणि वेल पडद्याच्या दांडीपर्यंत पोहोचते. पाने मात्र तळहाताएवढीच राहतात. मग कधी तरी त्याच शेजारणीच्या गावच्या घरी जाण्याचा योग येतो. परसातल्या आंब्याच्या खोडावर एक दांडगी वेल थेट शेंड्यापर्यंत चढलेली असते. पाने हातभर लांब, सुपासारखी रुंद, कडेला चिरा पडलेली.

“ही कुठली हो वेल?”

“अहो, तीच की! तुम्हाला काडी दिली ना, तिची ही आई.”

विश्वास बसत नाही, पण ते खरे असते. बाटलीतली नाजूक वेल आणि झाडावरची दांडगी वेल यांच्यात आनुवंशिकतेने काहीच फरक नाही. एकाच वेलीचे ते दोन तुकडे. तरीही एकीचे पान चार बोटांचे, दुसरीचे हातभर.

मनीप्लांटच्या बाबतीत हा प्रश्न केवळ कुतूहलाचा. पण ज्याने कर्ज काढून केळीची हजारो रोपे लावली, ज्याने कोकणातून हापूसचे कलम आणून सात-आठ वर्षे लेकरासारखे वाढवले, त्याच्या दृष्टीने हाच प्रश्न पैशाचा, कष्टाचा आणि आयुष्यातल्या वर्षांचा असतो. फळ मनासारखे आले नाही की पहिला राग रोपवाटिकेवर निघतो. ‘कलम खोटे दिले.’ कधी कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा कलम अस्सलच असते, फरक पडलेला असतो तो मातीत, पाण्यात, उन्हात. आणि क्वचित असेही घडते की माती तीच, पाणी तेच, कलमही त्याच झाडाचे, पण त्या कलमानेच गुपचूप आपला स्वभाव बदललेला असतो. हे तिन्ही प्रकार ओळखायचे कसे?

घरोघरी क्लोन

‘क्लोन’ हा शब्द बहुतेकांच्या कानावर पडला तो १९९७ मध्ये, स्कॉटलंडमधल्या डॉली नावाच्या मेंढीमुळे. प्रत्यक्षात हा शब्द वनस्पतींसाठी तयार झाला. हर्बर्ट वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये तो सुचवला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘डहाळी’. एकाच झाडाची डहाळी, कंद, मुनवा किंवा डोळा घेऊन जी नवी झाडे तयार होतात ती सगळी मूळ झाडाचे क्लोन.

या अर्थाने आपल्या शेतकऱ्याने क्लोन तयार करायला डॉलीची वाट पाहिली नाही. उसाचे बेणे, केळीचे मुनवे, हळदीचे गड्डे, शेवंतीच्या काश्या, गुलाबाच्या कांड्या, द्राक्षांच्या काड्या हे सगळे क्लोनच. हापूसचे कलम हेही क्लोनच.

बी रुजवून झाड केले तर त्यात आई आणि बाप या दोघांचे गुण मिसळतात, आणि पत्ते पिसल्यावर हाती काय येईल हे जसे सांगता येत नाही, तसे रोपाचे होते. हापूस खाऊन त्याचा बाठा परसात पुरला तर झाड येते, आंबेही लागतात, पण ते हापूसच निघतील याचा भरवसा नसतो. म्हणून तर रायवळीच्या खुंटावर हापूसची काडी बांधायची कला आली. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात ती रुजली आणि त्यांच्या आफोन्सो द आल्बुकर्क या सेनानीच्या नावाने ओळखला जाणारा आंबा आपल्या तोंडी ‘हापूस’ झाला. आज देवगडला, रत्नागिरीला, गुजरातेत किंवा कर्नाटकात जो हापूस पिकतो तो या काडी-काडीने पुढे आलेल्या परंपरेतला आहे.

एवढे सगळे जर एकच, तर मग सगळीकडे फळही एकसारखे यायला हवे. ते येत नाही, हा रोजचा अनुभव आहे.

एका झाडाचे तीन तुकडे

या कोड्याचा सर्वांत सुंदर उलगडा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात झाला. जेन्स क्लॉसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हिझी हे तिघे शास्त्रज्ञ कार्नेगी संस्थेत काम करत होते. त्यांनी तीन बागा निवडल्या. पहिली स्टॅनफर्डला, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३० मीटर उंचीवर, जिथे हिवाळाही सौम्य. दुसरी मेदर येथे, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत सुमारे १,४०० मीटरवर. तिसरी टिंबरलाइन येथे, सुमारे ३,०५० मीटरवर, जिथे वर्षातले बरेच महिने बर्फ असते आणि उन्हाळा अगदी थोडा.

मग त्यांनी रानातली साधी झुडपे घेतली, एकेका झुडपाचे तुकडे केले आणि प्रत्येक झाडाचा एकेक तुकडा तिन्ही बागांत लावला. एकाच झाडाची जणू तीन भावंडे तीन गावांत दत्तक गेली. या प्रयोगांचा पहिला मोठा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

काय दिसले? एकाच झाडाचे तुकडे तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वाढले. कुठे उंच, कुठे खुजे, कुठे लवकर फुललेले, कुठे उशिरा. परिस्थितीचा हात असा स्पष्ट दिसला. पण गोष्ट इथे संपली नाही. किनाऱ्यावरच्या मूळ झाडांचे तुकडे डोंगरमाथ्यावरच्या थंडीत तग धरू शकले नाहीत, तर डोंगरावरची झाडे खाली सौम्य हवेत आणल्यावरही हिवाळ्यात आपली झोप घेतच राहिली! थंडी नव्हती, बर्फ नव्हते, शेजारची किनाऱ्यावरची झाडे हिरवीगार वाढत होती, पण डोंगरच्या झाडाच्या रक्तात ती झोप मुरलेली होती. म्हणजे आनुवंशिकतेचा हातही तितकाच स्पष्ट.

याहून एक मजेदार गोष्ट ॲकिलिया नावाच्या झाडांत दिसली. एकाच जागेतून उचललेल्या काही झाडांचे तुकडे तिन्ही उंचीवर लावले. खालच्या बागेत जे झाड सर्वांत उंच झाले ते मधल्या बागेत मागे पडले. एका बागेतला पहिला नंबर दुसऱ्या बागेत टिकेलच असे नाही. मग ‘उंच वाढणारे जनुक’ कोणाकडे आहे म्हणायचे? प्रश्नच चुकीचा ठरतो. जनुके झाडाला ठरावीक उंची देत नाहीत. अमुक हवेत असे वाढ, तमुक हवेत तसे वाढ, एवढीच शिकवण ती देतात. त्यातली कोणती शिकवण उपयोगात येणार, हे झाड कुठे उभे आहे यावर ठरते.

या प्रयोगातूनच एक साधी कसोटी हाती आली. दोन झाडे वेगळी दिसत असतील, तर दोघांच्या काड्या आणून एकाच मातीत शेजारी शेजारी लावा. काही काळाने फरक पुसला गेला तर तो जागेचा होता. फरक तसाच राहिला तर तो झाडाचा आहे.

जपानमधल्या चेरीच्या फुलांची गोष्ट याच जातीची. तिथल्या बागांत आणि नदीकाठांवर लावलेली ‘सोमेई योशिनो’ ही प्रसिद्ध चेरी सगळीच्या सगळी कलमांची आहे. म्हणून एका बागेतली झाडे जणू ठरवून एकाच वेळी फुलतात. ही झाली आनुवंशिकतेची एकी. पण सारा देश काही एका दिवशी फुलत नाही. मार्चअखेरीच्या सुमारास दक्षिणेत आणि टोकियोकडे सुरू झालेला बहर उत्तरेकडे सरकत होक्काइदो बेटावर पोहोचेपर्यंत मे महिना उजाडतो. झाडे तीच, पण ऊब पोहोचेल तसे फूल उमलते.

द्राक्षवेल झोपत नाही तेव्हा

इतक्या लांब कशाला जायचे? नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागांत हा प्रयोग कित्येक दशके चालू आहे. तिथे रुजलेली ‘थॉमसन सीडलेस’ ही जात मूळची पश्चिम आशियाकडची, किसमिसची. विल्यम थॉमसन यांनी १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात तिची लागवड केली आणि त्यांचे नाव तिला चिकटले. कॅलिफोर्नियात ही वेल हिवाळ्यात पाने गाळून गाढ झोपते. माणसे त्या झोपेत तिची एकदा छाटणी करतात, वसंतात ती फुटते आणि उन्हाळ्याच्या शेवटी घड उतरतात.

तीच वेल दख्खनच्या पठारावर आली आणि तिला झोपच येईना! इथे झोपण्याइतकी थंडीच नाही. मग आपल्या बागायतदारांनी वेगळी युक्ती बसवली. वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करायच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून फळ घ्यायचे. पुढच्या हंगामात कुठल्या डोळ्यातून घड निघणार आणि कुठल्या डोळ्यातून नुसती फूट, हे उन्हाळ्यातल्या त्या काडीच्या वाढीतच ठरून जाते. त्या काळात ढगाळ हवा राहिली, काड्यांची गर्दी होऊन डोळ्यांवर ऊन पडले नाही, तर घड कमी लागतात. ऑक्टोबरात वेल फुटते तेव्हा शेतकरी कपाळाला हात लावतो, पण चूक चार-पाच महिन्यांपूर्वी घडलेली असते. वेल तीच, जात तीच, शेजाऱ्याच्या बागेत घड लोंबताहेत आणि आपल्याकडे नुसता पाला. इथे काडीला दोष देऊन उपयोग नाही.

नागपूरच्या संत्र्याचा अनुभव तर आणखी बोलका. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे दिवाळीच्या मागेपुढे तयार होऊ लागतात. मृगाची फुले पावसाळ्याच्या तोंडी येतात आणि फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाण्याचा ताण देऊन बागायतदार कोणता बहर धरायचा ते ठरवतो. आंबियाचे संत्रे किंचित आंबूस आणि मृगाचे अधिक गोड, हे वैदर्भीय माणसाला सांगावे लागत नाही. इथे दोन क्लोनही नाहीत, झाडसुद्धा एकच. फक्त फळ पोसले जाताना वरचे ऊन आणि खालची ओल बदलली.

हापूसचा वास आणि हापूसचा साका

हापूसचे तर विचारायलाच नको. देवगडचा चांगला की रत्नागिरीचा, या वादात कित्येक पंगती रंगल्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी निरनिराळ्या ठिकाणच्या हापूसचा वास कोणत्या रसायनांनी बनतो हे तपासले, तेव्हा जागेप्रमाणे त्या रसायनांचे प्रमाण बदलते असे आढळले. म्हणजे नाक खोटे बोलत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागचा विचारही हाच. काडी कुठेही नेता येते, कातळ आणि खारा वारा नेता येत नाही.

कोकणातून हापूसच्या काड्या आफ्रिकेतल्या मलावी देशातही गेल्या. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिथले ऋतू आपल्या उलटे. त्यामुळे तिथला हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात तयार होतो आणि गेल्या काही वर्षांत मुंबईच्या बाजारात ऐन थंडीत येऊ लागला आहे. झाडाला पंचांग कळत नाही, हवा कळते.

पण आनुवंशिकता आणि परिस्थिती हातात हात घालून कसे काम करतात हे पाहायचे तर हापूसच्या साक्याकडे पाहावे. वरून केशरी, निर्दोष दिसणारे फळ कापावे आणि आत बाठ्याभोवती पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर निघावा, यासारखी निराशा नाही. साका हा रोग नव्हे, किडीचे कामही नव्हे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की फळ झाडावर असतानाच आतला बाठा रुजण्याच्या तयारीला लागतो आणि भोवतालच्या गरातले पाणी नि अन्न ओढून घेतो. ही खोड हापूसच्या स्वभावातच आहे. प्रत्येक कलमात ती आईकडून आली आहे.

मग सगळीच फळे का बिघडत नाहीत? कारण ती खोड उफाळून येणार की नाही हे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून असते. झाडाखालची उघडी जमीन तापून तिची झळ फळांना लागली, फळ झाडावर गरजेपेक्षा जास्त दिवस राहिले, की साक्याचे प्रमाण वाढते. म्हणूनच झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करा आणि फळ चौदा आणे तयार झाले की उतरवा, असा सल्ला दिला जातो. उपाय परिस्थितीवर, कारण आनुवंशिकता हातात नाही. ज्यांना आनुवंशिकताच बदलायची होती त्या दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘रत्ना’ तयार केला. त्याला साका होत नाही. दोन्ही वाटा खऱ्या, फक्त आपल्यापुढचा प्रश्न कोणत्या वाटेचा आहे हे कळायला हवे.

स्वभाव बदलतो तेव्हा

आतापर्यंत गृहीत धरले की क्लोनची आनुवंशिकता कधी बदलतच नाही. हे तंतोतंत खरे नाही. झाड वाढते म्हणजे त्याच्या पेशी दुभंगत जातात आणि प्रत्येक वेळी आनुवंशिकतेचा सगळा मजकूर पुन्हा उतरवला जातो. जुन्या काळी पोथीची नक्कल करताना एखादा काना-मात्रा चुकायचा, तशी इथेही चूक होते. ती चूक वाढत्या डोळ्यात झाली तर त्या डोळ्यातून निघणारी सबंध फांदी वेगळी होते. बहुतेक चुका कामाच्या नसतात किंवा लक्षातच येत नाहीत. पण एखादी सोन्याची निघते.

ब्राझीलमध्ये संत्र्याच्या झाडात असाच बदल होऊन बिनबियांचे, खाली बेंबी असलेले ‘नेव्हल’ संत्रे निपजले. त्याची कलमे १८७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला पोहोचली आणि पुढे त्यावर तिथला प्रचंड व्यवसाय उभा राहिला. बी नसल्यामुळे वंश वाढवायचा तो कलमानेच.

महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतकऱ्यांनी तर या बाबतीत शास्त्रज्ञांनाही मागे टाकले. थॉमसन सीडलेसच्याच बागांत कुणाच्या नजरेला एखादी वेल, एखादी काडी वेगळी दिसली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेली लांबट मण्यांची ‘सोनाका’ या अशाच निवडीतून आल्या. त्यांच्याआधीही असे घड अनेकांनी पाहिले असतील. पण ‘खत जास्त पडले असेल’ म्हणून सोडून न देता त्या काड्या वेगळ्या लावून, हा फरक पुढच्या वेलीतही उतरतो का हे पाहण्याचा चिकाटीचा उद्योग ज्यांनी केला, त्यांच्या हाती नवी जात लागली. क्लॉसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कसोटी ती हीच.

कर्माचा फेरा

याहून चक्रावून टाकणारा प्रकार पामतेलाच्या झाडांत घडला. भरघोस तेल देणाऱ्या झाडाचा एक कण घेऊन प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे टिश्यू कल्चरने, त्याची रोपे करायची ही कल्पना उत्तम होती. पण मलेशियात लावलेल्या अशा रोपांपैकी काहींना मोठेपणी वेड्यावाकड्या आकाराची, तेल न देणारी फळे लागली. रोपे लहान असताना ती अगदी निरोगी दिसत. जमीन, खत, वर्षे सगळे खर्ची पडल्यावर दोष उघडा व्हायचा.

मजकुरात चूक म्हणावी तर ती सापडेना. अखेर २०१५ मध्ये उत्तर मिळाले. आनुवंशिकतेची अक्षरे जशीच्या तशी होती, पण त्या अक्षरांवर असलेल्या काही रासायनिक खुणा ऊतिसंवर्धनाच्या काळात पुसल्या गेल्या होत्या. पोथी तीच, पण ‘हे पान वाचू नये’ म्हणून बांधलेला दोरा सुटला आणि नको ते पान वाचले गेले. ज्या घटकावरची खूण पुसली गेली त्याचे नाव शास्त्रज्ञांच्या भाषेत आहे ‘कर्मा’! खूण शाबूत असेल तर ‘गुड कर्मा’, पुसली असेल तर ‘बॅड कर्मा’, अशी नावेही त्यांनी दिली. आता रोपाच्या पानाची तपासणी करून वाईट कर्माची रोपे आधीच बाजूला काढता येतात.

आपल्याकडे केळीची रोपे मोठ्या प्रमाणावर ऊतिसंवर्धनाने होतात. त्यातही क्वचित एखादे रोप खुजे, एखादे वेगळ्या पानांचे निघते. अशी रोपे रोपवाटिकेतच निवडून टाकायची असतात. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये अशा रोपांसाठी प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली. रोपे खरेच त्या जातीची आहेत आणि विषाणूमुक्त आहेत, याची तपासणी तीत होते. रोपे घेताना त्याची चौकशी करणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

दोष कुणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे. अंगणातल्या किंवा शेतातल्या कलमाने अपेक्षाभंग केला, तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी काय पाहावे?

सर्वांत आधी बांधलेला सांधा पाहावा. ‘आणला तेव्हा टपोरा लाल गुलाब होता, दोन वर्षांनी बारीक रानटी फुले येऊ लागली’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. गुलाबाने जात बदललेली नसते. सांध्याखालून फुटलेल्या खुंटाच्या फांद्या वर आलेल्या असतात आणि त्यांनी वरच्या कलमाला उपाशी मारलेले असते. आंबा, संत्रे, चिकू सगळ्यांत हे घडते. सांध्याखालची फूट दिसताच काढून टाकणे एवढाच उपाय.

दुसरे म्हणजे, फरक किती झाडांत आहे ते मोजावे. सबंध केळीची बाग एकसारखी मागे पडली असेल तर थंडी, पाणी, खत किंवा लागवडीची वेळ यांच्याकडे पाहावे. जळगाव भागात मृगबाग आणि कांदेबाग असे केळीचे दोन हंगाम आहेत. एकाच जातीची रोपे दोन्हीत निरनिराळ्या गतीने वाढतात, कारण कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ मंदावते. उलट, निरोगी बागेत मधूनच एखादे झाड वेगळे दिसत असेल तर ते रोपच वेगळे असण्याचा संभव जास्त.

तिसरे, रोग. विषाणू मुनव्यातून, बेण्यातून आईकडून लेकीकडे जातो. केळीचा पर्णगुच्छ रोग असाच पसरतो. झाड खुरटले म्हणजे जात बिघडली असे नव्हे, ते आजारीही असू शकते. अशा झाडाचा मुनवा कुणाला देऊ नये.

आणि हे सगळे पाहूनही शंका उरली, तर तीच जुनी कसोटी. दोन्ही झाडांच्या काड्या एकाच खुंटावर, एकाच वाफ्यात शेजारी लावाव्यात आणि थांबावे. वेळ लागतो, पण उत्तर पक्के मिळते. कोकणातले कलम घाटावर नीट फळत नाही असे दिसले, तर कलमाचा दोष नाही हे समजून तिथल्या हवेला मानवणारी जात लावणे शहाणपणाचे. मराठवाड्यात केशर आंब्याने जम बसवला तो असाच.

सगळेच एकसारखे, तर सगळेच धोक्यात

क्लोनच्या एकसारखेपणावर बाजार खूश असतो, पण त्यात मोठा धोकाही आहे. एक झाड ज्या रोगाला बळी पडते, त्याला सगळीच बळी पडतात. आयर्लंडमधली गरीब जनता ‘लंपर’ या बटाट्याच्या एकाच जातीवर जगत होती. १८४५ मध्ये करपा आला आणि शेतेच्या शेते सडली. पुढच्या काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली, तितकीच देश सोडून गेली. पाश्चात्त्य बाजारपेठांत पूर्वी ‘ग्रो मिशेल’ जातीची केळी मिळत. पनामा रोगाने तिचे मळे बसवले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिची जागा कॅव्हेंडिश गटातल्या केळ्यांनी घेतली. आपली बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन याच गटातल्या. आता पनामा रोगाचाच एक नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत आलेला आढळला आहे.

अशा वेळी चांगली माती, भरपूर पाणी यांचा उपयोग मर्यादित. तिथे आनुवंशिकतेची विविधताच कामाला येते. म्हणून बांधावरचा रायवळ आंबा, परसातली देशी केळ, आजीने जपलेली जुनी हळद यांना ‘बाजारात किंमत नाही’ म्हणून उपटून टाकणे महागात पडू शकते.

पुन्हा मनीप्लांटकडे

मनीप्लांटला फूल आलेले कुणी पाहिले आहे का? नसणारच. १९६४ नंतर त्याला आपणहून फूल आल्याची नोंद नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कारण कळले. जिबरेलिन नावाचे संप्रेरक तयार करण्यासाठी लागणारे त्याचे एक जनुक नीट काम करत नाही. द्राक्षबागायतदार ज्या ‘जीए’च्या द्रावणात घड बुडवतात, ते हेच संप्रेरक. शास्त्रज्ञांनी ते मनीप्लांटवर फवारले आणि काय आश्चर्य, त्याला फुले आली!

एकाच वेलीत दोन्ही धडे मिळतात. पान केवढे होईल ते आपल्या हातात आहे. तिला आधार द्या, उजेड द्या, वर चढू द्या, पान मोठे होईल. पण कितीही पाणी घातले, कितीही लाड केले, तरी ती आपणहून फुलणार नाही. ते तिच्या घडणीतच नाही, आणि त्यात तिचाही दोष नाही नि लावणाऱ्याचाही नाही.

आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाडांवरची कुऱ्हाड आणि पुष्कळ माणसांवरचा राग टळेल. बाटलीतली ती वेल तेवढी बाहेर काढा. कुंडीत लावा, शेजारी एक जाडसर काठी रोवा, आणि पहिले मोठे पान कधी येते ते मुलांना मोजायला सांगा.